वाकून या, फांदी हाय

नगरपरिषदेत नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी भर दुपारी, भर रस्त्यात, डोक्यावर काहीही नसताना वाकून चालले. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातला माणूस हसला, ते मला अजून आठवतं. पण माझ्यापुढं चालणारे अंबादास मुकादम इतक्या सहज वाकले होते आणि मागं वळून इतक्या काळजीनं म्हणाले होते, "म्याडम, वाकून या, फांदी हाय," की माझ्याकडून वाकलं गेलंच. सरळ होऊन वर बघते तर मोकळं आभाळ. शेजारी बांबूच्या कुंपणात गुडघ्याएवढं कडुलिंबाचं रोप होतं आणि त्याला मोजून दहा-बारा पानं होती.

फांदी कुठं आहे, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या डोक्याच्या जरा वर बोट नेलं आणि सांगितलं, इथं येईल, सहा-सात वर्षांत. आत्तापासून सवय असलेली बरी. मला वाटलं थट्टा करतायत. पण ते पुढच्या रोपापाशी गेले, त्याच्या अजून न पडलेल्या सावलीत नीट उभे राहिले आणि टोपीनं वारा घेऊ लागले. घाम पुसताना त्यांच्या तोंडावर खरोखर गार वाटल्यासारखं समाधान होतं.

आमचं गाव तालुक्याचं. धाराशिव जिल्ह्यातल्या इतर तालुक्याच्या गावांसारखंच, उन्हाळा लांब आणि पाणी आठ दिवसांआड. मी बांधकाम विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले होते आणि झाडांचं काम त्या विभागाच्या शेपटाला बांधलेलं होतं. झाडांचा विभाग म्हणजे अंबादास मुकादम, दोन मजूर आणि पाणीपुरवठ्याला नको असेल तेव्हा एक टँकर. मुकादमांना सगळं ऑफिस मामा म्हणायचं, मीही म्हणू लागले. ते मला वर्षभर म्याडम म्हणाले. मग एकदा मी त्यांच्याबरोबर खड्ड्यात उतरून माती दाबली, त्या दिवसापासून ताई झाले.

किडकिडीत बांधा, पांढरी टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि खांद्यावरून तिरपा घेतलेला अंबाडीचा दोर. तो दोर नसलेले मामा मी थेट त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी पाहिले. अंबाडी त्यांच्याच शेताच्या कडेची, वळलेलाही त्यांनीच. त्याला चार गाठी होत्या. पहिल्या गाठीपर्यंत गटार, दुसरीपर्यंत विजेचा खांब, तिसरीपर्यंत शेजारचं झाड. चौथी गाठ अगदी टोकाला, तिला लाल चिंधी बांधलेली. ती चौकाच्या कोपऱ्याची.

या गाठींमागं एक ठराव होता. फुटपाथ आणि डांबर यांच्या मधल्या मातीच्या पट्टीत झाडं कशी लावायची, यासाठी आमच्या नगरपरिषदेनं कधीतरी केलेला, दीड पानी. तारांखाली बुटकी झाडंच लावावीत. वड-पिंपळ लावू नयेत, मुळं फुटपाथ उचलतात. काटेरी नको, फळाचं नको, पोरं दगड मारतात आणि ते गाडीवाल्यांना लागतात. गटारापासून इतकं, खांबापासून इतकं. चौकाच्या कोपऱ्यापासून इतक्या अंतराच्या आत काहीही लावू नये. आणि या नियमात बसलेलं झाड कुणालाही तोडता येणार नाही. ठराव करणारे बहुतेक जण तो विसरून गेले होते. मामांनी मात्र त्याची प्रत प्लास्टिकमध्ये घालून वरच्या खिशात ठेवली होती. वाचायला त्यांना वेळ लागायचा, पण पाठ होता. ऑफिसात मोजायची टेप होती, ती अभियंत्यांच्या कपाटात असायची आणि किल्ली अभियंत्यांकडं असायची, म्हणून मामांनी ठरावच दोरात बांधून घेतला होता.

सगळ्या कलमांत त्यांचा जीव कोपऱ्याच्या कलमावर. मला पहिल्यांदा समजावताना त्यांनी मला चौकात उभं केलं, स्वतः वळणाच्या पलीकडं गेले आणि एका खांबाआड लपले. मग तिथून विचारलं, मी दिसतो का. मी म्हणाले, नाही. मग गाडी चालवणाऱ्याला लेकरू कसं दिसणार, एवढंच बोलून ते बाहेर आले. सावली सगळीकडं पाहिजे, पण कोपऱ्यावर माणूस दिसला पाहिजे, हे त्यांचं पालुपद होतं.

ती मातीची पट्टी त्यांच्या लेखी बांध होती. दोन शेतांच्या मधला बांध जसा दोघांचाही असतो आणि एकट्याचा कुणाचाच नसतो, तशी ही फुटपाथ आणि रस्त्याच्या मधली. आणि बांध म्हटला की तो कोरणारे आलेच. एका दुकानदारानं पट्टी खणून दुकानाला तीन पायऱ्या काढल्या, रोप उपटून बाजूला टाकलं. ऑफिसनं नोटीस काढायची तयारी केली. मामांनी मला थांबायला सांगितलं आणि जाऊन त्या पायरीवर बसले. दुकानदाराला वाटलं भांडायला आले. मामांनी त्याच्या शेताची चौकशी केली. कुठल्या गावचे, किती जमीन, शेजारी कसा आहे. शेजाऱ्याचं नाव निघताच दुकानदार भडकला. दर वर्षी नांगराचं एक तास इकडं सरकवतो, बांध निम्मा खाल्लाय, कोर्टात जाणार आहे, असं बरंच बोलला. मामा मान हलवत ऐकत होते. त्याचं बोलून झाल्यावर त्यांनी खांद्यावरचा दोर काढला आणि पायरीवर धरला. तिसऱ्या दिवशी तिथं दोनच पायऱ्या होत्या, त्याही दुकानाच्या आत, आणि पट्टीत नवं रोप. तो दुकानदार नंतर त्या रोपाला रोज तांब्याभर पाणी घालायचा आणि मामा दिसले की उगीच कपाटात काहीतरी शोधायला लागायचा.

मोठ्या माणसांशी मात्र ते असे सरळ जात नसत. एका पर्यावरण दिनाला एक पाहुणे आले आणि मुख्य रस्त्याच्या पट्टीत त्यांच्या हस्ते वड लावायचं ठरलं. वड बसत नाही, हे मामांनी साहेबांना हळूच सांगितलं. साहेबांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते मागं सरकले. कार्यक्रम झाला, फोटो झाले, पाहुण्यांनी झारीनं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वड मजुरांसह गायरानात पोचला होता आणि त्याच्या जागी तेवढ्याच उंचीचा करंज उभा होता. नावाची पाटी जिथल्या तिथं. दोनेक वर्षांनी ते पाहुणे परत आले, गाडी थांबवून उतरले, करंजाच्या पानांवरून हात फिरवला आणि म्हणाले, वड छान धरलाय. मामांनी हात जोडून सांगितलं, तुमच्या हातचा गुण. मी फाईल तोंडापुढं धरली होती म्हणून बरं. गायरानातला वडही चांगला वाढलाय, त्याखाली आता शेळ्या बसतात.

माझ्या आईलाही त्यांनी सोडलं नाही. माझं माहेर तामलवाडीचं. वडील गेल्यावर आईला मी इकडं आणलं, तेव्हा तिला दारापुढं आंबा पाहिजे होता. तिकडच्या आंब्याची कोय तिनं येताना पिशवीतून आणलेली. मी मामांना म्हटलं, एवढं एक होऊ द्या. ते घरी आले, आईच्या हातचा चहा प्याले, वर तारा बघितल्या, खाली दोर धरला आणि आईच्या पाया पडून सांगितलं की आंबा इथं येणार नाही. कोय त्यांनी मागून घेतली आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला लावली. आमच्या दारात बकुळ आली. आईनं वर्षभर त्या झाडाकडं ढुंकून पाहिलं नाही. मग एका सकाळी तिच्या ओच्यात फुलं दिसली आणि तिनं सुई-दोरा मागितला.

असं नसलेलं बघायची सवय त्यांना कुठून लागली, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मामा सास्तूरच्या बाजूचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ते तिशीतले होते. त्यावर ते बोलत नसत, आणि त्या भागातल्या माणसाला कुणी खोदून विचारतही नाही. फक्त एकदा, टँकरची वाट बघत आम्ही फुटपाथच्या कडेला बसलो होतो तेव्हा, त्यांनी आईची गोष्ट सांगितली. नवं गाव वसलं, रस्ते रुंद, घरं सरळ रांगेत, पण सावली कुठंच नाही. जुन्या घरापुढं मोठा लिंब होता. त्यांची आई त्याच्या सावलीबरोबर दिवसभर बाज सरकवायची, सकाळी भिंतीकडं, दुपारी खोडाकडं, संध्याकाळी दाराकडं. नव्या घरापुढं लिंब नव्हता. पण आई तशीच दिवसभर बाज सरकवत राहिली, उन्हातून उन्हात. लोक म्हणाले, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. मामा म्हणाले, "परिनाम न्हाय झाला ताई. तिला सावली दिसायची. म्याबी तिच्याबरं बसायचो. कदीमदी मलाबी गार लागायचं."

त्यांनी तिथं लिंब लावला, आणि तो खरंच बाजेवर सावली टाकण्याएवढा झाला तेव्हा आई नव्हती. एवढं सांगून ते उठले, कारण टँकर आला होता. मी मात्र त्या दिवसापासून त्यांच्या मागून चालताना बिनतक्रार वाकायला लागले.

आता त्या रस्त्याचं सांगायला हवं. मी पहिल्या आठवड्यात जिथं वाकले तो हा रस्ता, शाळेकडून बसस्टँडकडं जाणारा. बघता बघता तिथली झाडं वाढली. गावातल्या दुसऱ्या कुठल्याच रस्त्यावर झाली नाही अशी तिथं सावली झाली. एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या फांदीत गेली आणि वर छतच तयार झालं. खाली हिरवट उजेड असायचा, चैत्रात लिंबाचा बारीक मोहर डोक्यावर पडत राहायचा, आणि शाळा सुटल्यावर पोरी उगीचच सायकली हातात धरून सावकाश चालायच्या. मलाही ऑफिसातून घरी जायला तो रस्ता लांबचा पडायचा, तरी मी तिकडूनच जायचे. इतर रस्त्यांवर झाडांमध्ये उन्हाचे तुकडे राहतात, मग इथंच असं कसं, असं मी मामांना विचारलं होतं. तेही चकित होते. मातीला गुण असेल, म्हणायचे.

रस्त्याच्या टोकाला, चौकाच्या बाजूला, त्या रांगेतला शेवटचा लिंब. मी जिच्याखालून वाकून गेले होते ती फांदी त्याचीच, आणि ती मामांनी दाखवलेल्या जागीच आली. खोडाला लागून सुमनबाईंचा चहाचा गाडा. सुमनबाई येरमाळ्याच्या, येडाई देवीवर फार श्रद्धा, लिंबाला दर मंगळवारी हळदकुंकू लावायच्या. मामा भाकरी त्याच झाडाखाली खायचे. रिटायर झालो की इथंच बाज टाकणार, असं त्यांनी सुमनबाईंना कितीदा तरी बजावलं होतं, आणि बाजेची जागा दाखवून तिथं बाकडं ठेवू दिलं नव्हतं. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

तेव्हा तो अपघात झाला. शाळेत जाणारी सातवीतली मुलगी सायकलवरून चौकात आली आणि दुधाच्या कॅन लावलेल्या मोटारसायकलची तिला धडक बसली. हात मोडला, जिवावरचं हातावर निभावलं. गावानं दूधवाल्याला धारेवर धरलं. झाडाचं नावही कुणी घेतलं नाही. मामा दवाखान्यात बिस्किटचा पुडा घेऊन गेले. मुलीला त्यांनी एकच विचारलं, गाडी तुला कुठून दिसली. ती म्हणाली, दिसलीच नाही, झाडाच्या मागनं एकदम आली.

तिथून ते तडक चौकात आले. सुमनबाईंनी नंतर मला सांगितलं, मुकादमांनी कोपऱ्यावर दोराचं एक टोक दगडाखाली ठेवलं, दोर ताणला, लाल चिंधीची गाठ कुठं येते ते बघितलं. परत गुंडाळला, परत ताणला. असं तीनदा. गाठ झाडाच्या पलीकडं जात होती, चांगली दीड हात. मग त्यांनी पुढची झाडं मोजली. प्रत्येक झाड दुसऱ्याच्या जवळ निघालं. चहा न घेता ते निघून गेले, असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले तेव्हा रात्रभर झोप नसल्यासारखे दिसत होते. दोर काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसले. एरवी खड्ड्यांच्या खुणा ते वैशाखात चुन्याची फक्की टाकून करत, खड्डे उन्हात चांगले तापू देत आणि मग पावसाळ्यात रोपं लावत. शाळेच्या रस्त्यावरची झाडं लावली त्या वर्षी मात्र रस्त्याचं काम लांबलं, आणि खुणा आषाढात, भुरभुर पावसात करायची वेळ आली. दोर दिवसभर भिजत होता. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो. पावसात राहिलेली बाज कशी करकचून ताठ होते, हे आमच्याकडं प्रत्येक घराला माहीत आहे. मामांना माहीत नव्हतं असं नाही. झाडं लावायच्या आनंदात त्यांच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

म्हणजे गावातली ती सगळ्यात सुंदर सावली चुकीनं पडली होती. दोर आखडला म्हणून झाडं जवळ आली, जवळ आली म्हणून फांद्यांत फांद्या गेल्या. त्यात काही बिघडत नव्हतं, दोन झाडांतलं अंतर ठरावात नव्हतं, ती गाठ मामांच्या अंदाजाची. पण त्याच आखडलेल्या दोरानं शेवटचा लिंब कोपऱ्याच्या आत घेतला होता.

त्यांना अर्ज लिहून पाहिजे होता. शेवटचा लिंब नियमात नाही, तो काढावा, आणि चूक मोजणाऱ्याची म्हणजे अंबादास मुकादमाची आहे, असा. मी पेन खाली ठेवलं. माझ्याजवळ एक पळवाट होती आणि ती सांगताना मला जराही लाज वाटली नाही. कोपरा कुठून धरायचा, हे ठरावात लिहिलेलंच नव्हतं. आम्ही आजवर गटाराच्या कडेपासून धरत आलो होतो. डांबराच्या कडेपासून धरला तर लिंब बिनबोभाट बसत होता, वर हातभर जागा उरत होती. मी म्हटलं, मामा, मोजमाप मी लिहिते, तुम्ही फक्त अंगठा... सही करा. अंगठा हा शब्द तोंडून गेला याची मला लाज वाटली, पण त्यांचं लक्ष तिकडं नव्हतं. ते दोराच्या लाल चिंधीवरून बोट फिरवत होते.

"ताई, ह्या गाठीवर म्या लोकांच्या पायऱ्या काढल्या. तुमच्या आईचा आंबा अडवला. आता माझ्या झाडापायी कोपरा सरकवला, तर उद्या जो तो आपला कोपरा घिऊन यील, आन मग एकबी झाड न्हाय ऱ्हायचं." दोर गुंडाळत ते म्हणाले, "आन त्या पोरीला आपुन काय सांगायचं?"

मी अर्ज लिहिला. माझं अक्षर ऑफिसात चांगलं समजतात, त्या दिवशीचं बघवत नाही.

झाडावर नोटीस लागली, हरकती मागवल्या. हरकतींचा पाऊस पडला. शाळेतल्या बाईंची हरकत, रिक्षावाल्यांची, झेरॉक्सवाल्याची, बांध कोरणाऱ्या त्या दुकानदाराची. हात मोडलेल्या मुलीच्या वडिलांनीही झाड राहू द्या म्हणून लिहून दिलं. फाईल फुगत चालली तशी मी मनातून खूश होत होते. साहेबही म्हणाले की एवढे लोक नको म्हणतायत तर राहू दे. मग मामा दुपारनंतर एकेकाच्या दारी जायला लागले. प्रत्येकाला चौकात आणायचे, उभं करायचे, स्वतः लिंबाआड जायचे आणि विचारायचे, मी दिसतो का. माणसं मानेनंच नाही म्हणायची. एकेक करून हरकती परत घेतल्या गेल्या. आपलं झाड तोडायला इतका हिंडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सुमनबाई सगळ्यात शेवटपर्यंत अडून राहिल्या. त्यांच्या गाड्याची सावली जाणार होती. मामांनी त्यांना तिसऱ्या झाडाखाली जागा करून दिली, ठरावात बसणारी, मोजून. त्या गेल्या, पण मामांशी बोलायच्या बंद झाल्या. चहा द्यायच्या, पण पेला हातात न देता बाकड्यावर ठेवायच्या.

लिंबावर होल्याचं घरटं होतं. पिल्लं उडेपर्यंत मामांनी तारीख पुढं ढकलायला लावली. रोज येता-जाता वर बघायचे. पिल्लं उडाली त्या संध्याकाळी ते झाडापाशी गेले आणि खोडाला हात लावून काहीतरी बोलले. झाडाला आदल्या दिवशी सांगावं लागतं, असं त्यांची आई म्हणायची. काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

तोडताना मात्र त्यांनी कुऱ्हाडीकडं पाठ केली. चौकाच्या मधोमध उभे राहून ते दोन्ही हातांनी गाड्या थांबवत होते. आधी खालची फांदी आली. मग वरच्या. दर फांदीबरोबर उन्हाचा एकेक तुकडा रस्त्यावर पडत गेला आणि खोड पडलं तेव्हा इतका उजेड झाला की सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. लिंबाचा कडवट वास साऱ्या रस्त्यावर पसरला होता. मामांनी वळून आधी झाडाच्या जागेकडं पाहिलंच नाही. त्यांनी शाळेच्या बाजूला पाहिलं, आणि मला खुणेनं बघायला सांगितलं. शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता लख्ख दिसत होता. फाटकातून बाहेर पडणारी पोरं, त्यांच्या पाठीवरची दप्तरंसुद्धा.

मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे कबूल करायला हवं. इतकं खरं असायची काय गरज होती, असं मी घरी येऊन आईला म्हटलं. आई बकुळीची फुलं ओवत होती. ती म्हणाली, त्या माणसानं माझा आंबा अडवला तेव्हा तुला हसू आलं होतं.

पुढच्या वैशाखात मामांनी कोपऱ्यापासून पुन्हा मोजलं. त्याआधी दोर दोन दिवस पत्र्यावर वाळत टाकला होता. लाल गाठीच्या पलीकडं, पहिल्या जागेपासून चार पावलांवर खड्डा घेतला, तो महिनाभर तापवला आणि लिंबाचं रोप लावलं, गुडघ्याएवढं. पहिलं पाणी घालायला कुणी बोलावलं नव्हतं, तरी सुमनबाई किटली धुतलेलं पाणी घेऊन आल्या. त्या दिवशी त्यांनी पेला मामांच्या हातात दिला.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, साहेब बोलले. मामांना बोलायला सांगितलं तर त्यांनी हात जोडले आणि बसले. जाताना दोर माझ्या टेबलावर ठेवला. "कोरडा असंल तवाच धरा," एवढंच म्हणाले. दोर नसलेला त्यांचा खांदा मला फार मोकळा, जरा उघडा वाटला. ते गावी गेले, मुलाकडं. त्यांच्या जागी आलेला मुकादम टेपनं मोजतो, किल्ली आता त्याच्याकडं असते. तरी पावसाळ्यात मी तो दोर ड्रॉवरमधून काढते आणि खिडकीत ऊन आलं की त्यात टाकते.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. हयातीच्या दाखल्यासाठी ते आले असावेत, ऑफिसात मात्र आले नाहीत, किंवा मी जेवायला गेले तेव्हा येऊन गेले. मी स्कूटीवर चौकाच्या अलीकडं होते. दुपारचं ऊन नुसतं पांढरं झालं होतं आणि पलीकडच्या फुटपाथवरून मामा सावकाश येत होते, खांदे जरा उतरलेले, टोपी तीच. लिंब होता तिथं आता सिमेंटचा चौकोन आहे. त्या चौकोनापाशी आल्यावर ते वाकले, डोक्यावरून काहीतरी जाऊ द्यावं तसे, आणि पलीकडं जाऊन सरळ झाले. चार पावलं ताठ चालले. मग नव्या रोपाच्या कुंपणापाशी आले आणि पुन्हा वाकले.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात शाळेच्या रस्त्यानं एक मुलगी सायकलवरून आली. ती मला लांबूनच दिसली होती, त्यामुळं मी आधीच ब्रेक दाबून थांबले होते. ती माझ्याकडं न बघता, काहीतरी गुणगुणत, चौकातून निघून गेली. ती गेल्यावर मी पलीकडं पाहिलं, तर मामा झाडांच्या रांगेखाली शिरले होते आणि तिथल्या हिरव्या उजेडात त्यांची पाठ तेवढी जराशी दिसत होती.

मी स्कूटी सुरू केली. वळताना त्या सिमेंटच्या चौकोनाजवळून गेले, आणि माझी मान आपोआप खाली गेली, फांदी लागू नये म्हणून.